खळ पाजलेल्या तारा

आमी मूळचे उमरेडचे, कोष्टी. आज्याचा आज्याही तिथंच मागावर बसे, बा तेवढा नागपूरले आला. गोळीबार चौकाच्या मागं दोन खोल्या, मोठ्या खोलीत माग अन् लहान खोलीत आमी सात जणं. माझा जन्म तिथलाच. काय सांगू ताई तुमाले, आमच्या गल्लीतून सकाळी सायकल नेता येत नव्हती, काहून का या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा लावलेला राहे, म्हणजे लुगड्याचं उभं सूत, अन् दोन्ही अंगानं माणसं कुंचे घेऊन त्याले खळ पाजत. खळ म्हणजे तांदळाची घट्ट पेज. कच्चं सूत मागावर पिंजते, तुटते, खळ पाजली का कडक होते. बा म्हणे सुताले उपाशी मागावर चढवाचं नाई. हे मी चालाले लागलो तेव्हापासून ऐकत आलो, अन् याच गोष्टीनं माझा घात केला, म्हून पहिलेच सांगून ठेवतो. नाई तं तुमी म्हणसान म्हातारा टेनिसचं सोडून भलतंच बोलून राहिला.

मंग माग बंद पडला, बा घरी बसला, अन् मी सिव्हिल लाइन्समधल्या एका क्लबात लागलो, टेनिसच्या मैदानावर पाणी माराले, रूळ ओढाले. तिथं एक म्हातारा उस्ताद रॅकेटच्या तारा विणे. त्यानं माझे बोटं पायले अन् म्हणे, कोष्टी है क्या, इधर बैठ. अन् खरंच, ते जाळी म्हणजे काय, ताणा अन् बाणाच तं आहे, उभी तार, आडवी तार, एक वरून एक खालून. मले सहा महिन्यात जमलं. फक्त ते तार तेव्हा मेंढीच्या आतड्याची राहे, गट म्हणत त्याले. माय म्हणे, हे घरात आणशीन तं तूही बाहेरच राहा. म्हून माझं सगळं काम क्लबाच्या मागच्या कोठीत. उस्ताद थकला अन् आपल्या गावाले निघून गेला, मले सगळं शिकवून गेला, एक सोडून, का आतड्याले पाणी चालत नाई. त्याले वाटलं असन, हे काय कोणाले सांगा लागते काय. त्याले काय मालूम, कोष्ट्याच्या पोराले सांगा लागते म्हून.

आता तुमचे आजोबा. जोसेफ साहेब रेल्वेत होते, उंच, काळेसावळे, बोलत कमी. अन् रामदासपेठेतले वसंतभाऊ, वकिलाच्या घरचे, बुटके, चळवळे, तोंड एक मिनिट बंद नाई. असे दोघं जोडीनं खेळत. ताई, मी मंग पन्नास वर्षं जोड्या पायल्या, पण तशी नाई पायली. एक पुढं धावला का दुसरा मागं सरकलेलाच राहे, कोणी कोणाले हाक मारत नसे. अन् गुण गेला, चूक कोणाचीही असो, तं जोसेफ साहेब जाऊन भाऊच्या रॅकेटले आपली रॅकेट टेकवत, अन् पुढचा खेळ सुरू. क्लबात बाकी सगळे मले ए मार्कर म्हणून हाका मारत, मैदानावरच्या गड्याले तेच नाव राहे, भाऊ तेवढे शंकर म्हणत. आता त्यात काय मोठं, म्हणसान. मोठं होतं.

मंग ते पत्र आलं. बाहेरदेशी खेळ होते, पळणं, पोहणं, कुस्ती, सगळं एकाच गावात, अन् इतक्या साऱ्या देशांचे लोक. तसे खेळ तेव्हा नवेच होते, त्यात टेनिस तं अजून नवं, अन् पुरुषांच्या जोडीच्या सामन्यात देशाकडून खेळाले आपल्या नागपूरचे हे दोघं. क्लबाच्या सेक्रेटरी साहेबानं सगळ्यायले संत्रा बर्फी वाटली, मलेही देली. अन् म्हणे, मार्कर, दहा रॅकेटी नवीन विणून दे, पाच यांच्या, पाच त्यांच्या.

जोसेफ साहेबांच्या पहिले झाल्या. ते घाईचे, आले अन् घेऊन गेले. भाऊच्या पाच कोठीत टांगून होत्या, अन् मी त्यायच्याकडं पाहत बसलो तं मले त्या तारा कुठं कुठं पिंजल्यासारख्या दिसल्या. बारीक कुस, केसावानी उठलेली. आमच्या घरी असं सूत कोणी मागावर घालू देलं नसतं. मी बाले सांगतलं. ताई, बा दोन वर्षांपासून रिकामा बसून होता, कोणाशी बोलत नव्हता, भिताडाले पाठ लावून बसे. तो उठला. मायले म्हणे पेज ठेव. मायनं ठेवली, कशासाठी ते इचारलं नाई तिनं, बा उठला यातच तिले सगळं आलं. सकाळी बा डबा अन् कुंचा घेऊन माझ्यासंग क्लबात आला, आतड्याले हात लावला ज्याच्या घरात आतडं चालत नव्हतं त्या माणसानं, अन् एकेक तार अशी पाजली का काय सांगू, उन्हात ठेवल्या, सुकल्या, तं काचेवानी लखलख. बा गल्लीत सांगत फिरला, माझा हात समुद्रापार चालला म्हून.

इस्टेशनवर भाऊनं पिशवीतून एक काढून उन्हाकडं धरली. काय चमकून राहिल्या गा शंकर, काय लावलं? मी म्हटलं काही नाई भाऊ, पुसल्या नुसत्या. कारागिराची मिजास, दुसरं काय. सांगतलं असतं तं कोणीतरी तिथंच कपाळावर हात मारला असता.

आठ-दहा दिवस झाले असन. कोठीत खिळ्याले एक उरलेला तुकडा टांगून होता, बानं पहिले त्याच्यावर करून पायलं होतं. मी सहज हाती घेतला. पांढरा पडला होता, फुगला होता, अन् दोन बोटांत थोडासा ताणला तं तुटला. वाळल्या शेवईवानी. मले वाटलं खराब तुकडा असन. दुसरीकडून ताणला. तिथूनही तुटला. मी ते तुकडे हाती धरून खाली बसलो. तिकडं जहाज समुद्रात, पेटीत पाच रॅकेटी, वरून लखलख अन् आतून हे.

टेलिग्राम करता येत होता. हे मी कोणापासून लपवत नाई. गावाचं नाव सेक्रेटरी साहेबाले मालूम होतं, भाऊ उतरले का हाती पडला असता, तिथं दुसऱ्या तारा टाकून घेता आल्या असत्या. मी साहेबाच्या दारात गेलोही. त्यायनं मान वर केली अन् म्हणे, अरे मार्कर, तुझे वडील आले होते सकाळी, पेपरात काही आलं का इचारत होते, रोज येतात, मोठा आनंद झालाय त्यांना. मी म्हटलं, हो साहेब. अन् पाणी माराचं राहिलं म्हून परत फिरलो. बस, एवढंच. बाचं तोंड डोळ्यापुढं आलं. घरी बा जेवता जेवता इचारे, आज कुठंसे पोचले असन ते? मी मनात म्हणे, नाईही तुटणार, कोणाले मालूम, देवाले काळजी. पण हाताले मालूम होतं ना.

पुढचं मले भाऊनंच सांगतलं, आल्यावर. पहिला सामना जिंकले. तेव्हाच एक तुटली, म्हणे असं होतेच. दुसऱ्या सामन्यात पहिला सेट जिंकलेला, अन् मंग एक, अन् अजून एक, अन् अजून एक. लोक हसाले लागले. पाचवी हातात घेतली तं ती चेंडू न लागताच फाटली, नुसती जमिनीवर टेकवली होती. मंग जोसेफ साहेबांची घेऊन खेळले, तिची मूठ जाड, भाऊचा हात लहान, एक चेंडू जाळीत अन् दुसरा भिताडाले. हरले. देशाचं नाव लागलेली छाती, अन् असे हरले.

पण ताई, हरण्याचं काही नाई. हरतात माणसं. भाऊ बाहेर आले अन् जोसेफ साहेबायले म्हणाले, माझ्याच काहून तुटल्या? तुझी एकही कशी नाई तुटली? अन् जोसेफ साहेबानं आपली रॅकेट खाली ठेवली. मंग म्हणे, तुला काय म्हणायचंय वसंता? अन् भाऊ गप्प बसले. ज्या माणसाचं तोंड एक मिनिट बंद राहत नसे तो नेमका तेव्हा गप्प बसला. वापस येताना एका जहाजावर दोघं, एकमेकांशी शब्द नाई.

भाऊनं त्या फाटक्या रॅकेटी माझ्यापुढं ठेवल्या, म्हणे नवीन विण. मी विणल्या. तेव्हा एक वाक्य बोललो असतो तं भाऊ तस्सेच सायकल काढून अजनीले गेले असते तुमच्या आजोबाच्या क्वार्टरवर. नाई बोललो. पहिले बा जिता होता म्हून नाई बोललो. बा गेल्यावर नोकरी जाईन म्हून. रिटायर झालो तं आता इतक्या वर्षांनी काय, म्हून. कारण काय, शोधलं का सापडते. जोसेफ साहेबांची बदली झाली, पेन्शन घेऊन ते मोहननगरात येऊन राहिले, भाऊच्या घरापासून चालत जाता येईन इतके जवळ. कधी एकमेकांच्या दारात नाई गेले. तुमचे आजोबा गेले तेव्हा मी कब्रस्तानात होतो, तुमी लहान होत्या, तुमाले आठवत नसन. बाहेर रस्त्यावर भाऊची गाडी उभी होती, काच वर. सगळं आटपेपर्यंत उभी होती. भाऊ उतरले नाई.

आता भाऊ नव्वदीले आले. डोक्यात काही टिकत नाई. मी दर गुरुवारी मेट्रोनं सीताबर्डीले उतरतो, तिथून ऑटो, अन् त्यायच्याजवळ बसतो. दोन वर्षांमागं मी त्यायले सांगून टाकलं. काहून तेव्हा? खरं सांगू? मी म्हटलं आता हे इसरतीन, म्हणजे माझंही ओझं उतरन अन् कोणाले लागणारही नाई. असा मी हुशार. भाऊनं सगळं ऐकलं. डोळे इतके साफ झाले, जसे जवानीत होते. मले वाटलं आता मारतीन. मारलं असतं तं बरं झालं असतं. म्हणे, जोसेफले सांगतलं का? मी म्हटलं, भाऊ, ते… म्हणे, मले काय सांगून राहिला गा, त्याले सांग. आत्ता जा. ऊठ. अन् मी उठलो, चपला घातल्या, बाहेर जिन्यात जाऊन बसलो. कुठं जाणार? थोड्या वेळानं आत आलो तं म्हणे, अरे शंकर, कधी आला?

पुढच्या गुरुवारी सगळं इसरले होते, माझं बोलणंही. पण ते रॅकेटीचं नाई इसरले, तेवढंच शिल्लक आहे. बसल्या बसल्या म्हणतात, काहून तुटल्या असन गा? आता इचारलं का सांगा लागते, मले दुसऱ्यांदा खोटं बोलवत नाई. सांगतलं का तेच डोळे. जोसेफले सांग, जा. दर गुरुवारी, ताई. घरी माझी सुनबाई म्हणते, बाबूजी, नका जाऊ तिकडं, तुमी आल्यावर दोन दिवस जेवत नाई. मी जातो.

म्हून तुमाले बोलावणं पाठवलं. तुमी लिहिता, हे मंग समजलं, चांगलंच आहे, लिहा, माझं नाव घालून लिहा. बाचं नाव नका घालू, घालाचंच असन तं इतकं घाला का हात चांगला होता. जोसेफ साहेबांच्या घरातलं कोणी ऐकलं पाहिजे होतं, ते तुमी ऐकलं. तुमच्या आजोबानं काही केलं नव्हतं अन् भाऊनंही नाई. मले माफ करा असं मी म्हणत नाई, ते तुमच्या हातात आहे का नाई तेही मले समजत नाई. देव तुमाले सुखी ठेवो.

उद्या गुरुवार. भाऊ इचारतीन, मी सांगीन, ते म्हणतीन जोसेफले सांगतलं का. पहिल्यांदा मी हो म्हणीन. म्हणीन, त्याच्या नातीले सांगतलं भाऊ, समोर बसवून सांगतलं. ते ऐकून त्यायचं तोंड कसं होईन, हे मले एकदा पाहाचं आहे. मंग ते इसरतीन. अन् पुढच्या गुरुवारी पुन्हा इचारतीन, काहून तुटल्या असन गा?