गोपद्मांची फरशी

मंडळी, आज माझा प्रदोषाचा उपास आहे, आवाज जरा खालीच लागेल. कान माझ्याकडे द्या. मागे बसलेल्या काकांनी पानाचा डबा मिटला तर आणखी बरं!

एक प्रश्न विचारते. गणपतीला आपण तुळस वाहत नाही, शंकराला केवडा वाहत नाही. का? तुळस वाईट? केवडा वाईट? छे! पण ज्याची पूजा, त्याची आवड आधी जाणून घ्यायची. मग सांगा — समोरच्याला न विचारता, आपल्याच हौसेनं केलेली सेवा त्याला पोचते का?

ऐका. सांगलीकडच्या एका गावात द्वारकाकाकू राहायच्या. दर चातुर्मासात गोपद्मांचं व्रत. देवापुढे रांगोळीनं गायीची पावलं काढायची, हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं. पुढे गुडघे गेले, वाकवेना. रांगोळीचा डबा फळीवर गेला. त्यांचा मुलगा वामन — आईवर जीव ओवाळून टाकणारा! त्यानं ठरवलं, आईसाठी न्हाणीघर नवं करायचं.

झालं! फुटपट्टी घेऊन भिंती मोजल्या. खाली गडद, वर फिकट, मध्ये नक्षीचा पट्टा. उतार मोरीकडे. आईला धरायला भिंतीत दांडा. गवंड्याला विचारलं, दुकानदाराला विचारलं, पुण्याच्या मेव्हण्याला तर फोनवर भिंती दाखवल्या! तो म्हणाला, "भावजी, गुलाबी घ्या, प्रसन्न वाटतं." मेव्हण्यांना मत असतंच हो, आंघोळ दुसऱ्याची असली तरी! बायको वसुधा एकदा म्हणाली, "अहो, आईंना विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? तिला चकित करायचंय!"

आणि जमिनीला काय बसवलं? खास छापून मागवलेल्या फरशा — त्यांवर गोपद्मं! आईला आता काढता येत नाहीत ना, म्हणून!

काम झालं. वामननं आईचा हात धरून दारापाशी आणलं. "बघ गं!"

काकूंनी पाहिलं. उंबऱ्यातच थांबल्या. हात जोडले. डोळे भरले. वामन शेजाऱ्यांना सांगत सुटला — "आईला बोलवेना!"

दुसऱ्या दिवशी काकू आंघोळीला कुठे? परसात! धुण्याच्या दगडावर, पत्र्याच्या आडोशाला.

"आई, आत गरम पाण्याचा नळ आहे गं!"

"असू दे रे. मला मोकळ्यावर बरं वाटतं."

आज बरं वाटतं, उद्या बरं वाटतं. वामन खट्टू झाला. जेवताना टोमणा मारला, "काही म्हणून करा, आमच्या आईला दगडच गोड!" काकूंनी भात कालवला.

मार्गशीर्ष लागला. परसात बोचरा वारा. काकूंना हिंव भरलं, ताप चढला. उतरला तेव्हा अंगात त्राण नाही. वामन म्हणाला, "आता तुझं ऐकणार नाही." पोरीसारखं उचललं, न्हाणीघरात नेलं, खाली ठेवायला वाकला — तर म्हातारीनं पाय पोटाशी घेतले! त्याच्या गळ्याला मिठी!

"वामना, खाली नको रे ठेवू!"

"घसरशील म्हणून भितेस? मी धरलंय ना!"

"गोपद्मं आहेत रे ती. जन्मभर हळदकुंकू वाहिलं त्यांवर. आता पाय देऊ? साबणाचं पाणी सोडू?"

वामन तसाच उभा. आई हातात.

"मग... बोलली का नाहीस?"

"तू केवढा हरखला होतास रे!"

मंडळी, गोष्ट इथंच संपती तर बरं होतं. पण सांगायला हवं.

वामननं हातोडा आणला. काकू खाटेवरून म्हणाल्या, "फोडू नको हं. गोपद्म फोडतात का?" मग गवंडी बसला छिन्नीनं एकेक फरशी अलगद सोडवायला. सुटेल ती तुळशीच्या ओट्याला लावायची. सावकाश चाललं काम. वामननं साध्या फरशांचे तुकडे आणून आईपुढे ठेवले. "आई, कुठली?" तिनं एकेकावरून तळवा फिरवला. राखाडी, खरखरीत निवडली. "ही. पाय ठरेल." केवढी खूश झाली! तोवर अंग ओल्या फडक्यानं पुसून घेत होती.

फरशी बसली. सिमेंट वाळायचं होतं, "पाय देऊ नका" म्हणून दाराला दोरी बांधली होती. दोरी सुटायच्या आधी काकू गेल्या.

वामन आजही त्या उंबऱ्यात थांबतो. चप्पल नसते पायात, तरी काढल्यासारखं करतो. मग आत पाऊल टाकतो.

त्याची माया खोटी होती? नाही हो! विचारलं नाही, एवढंच. पूजेत देवाला आपण आधी बोलावतो, मग आसन देतो. घरातल्या माणसाला मात्र आसन आधी — आणि ते बसलं नाही तर रुसवा!

तुमच्याही घरी कुणी "असू दे, मला असंच बरं वाटतं" म्हणतंय का? आठवा. जाल तेव्हा त्यांच्यापाशी टेका, विचारा. आणि उत्तर येईपर्यंत थांबा. देव तिथंच थांबलेला असतो.

आता टाळ घ्या हाती. पण हळू वाजवा — कुणी काही सांगत असेल, तर ऐकू येऊ दे.