तांदळाच्या डब्यातली माती

सखुबाई : थांबलास का रे पंढरी? वाच की पुढं.

पंढरी : पुढे काही नाही. खुशाल आहे तुझा धाकटा.

सखुबाई : मला अक्षर कळत नसलं तरी कागद दिसतो. निम्मा राहिलाय.

पंढरी : ऐक मग. "दादा, हे जिब्राल्टर म्हणजे युरोपच्या टोकाचा एक खडक. सगळं गाव चर्चमध्ये जाणारं. आपण हिंदू मोजून चाळीस, तेही सिंधी दुकानदार. देऊळ नाही, भटजी नाही. म्हणून यंदा शेठच्या दुकानामागे मीच गणपती बसवणार, पूजाही मीच सांगणार." झालं समाधान?

सखुबाई : गुणाचा गं बाई माझा रघु!

पंढरी : गुणाचा? आई, आपल्यात गणपती एकच, तोही थोरल्याकडे. धाकट्यानं बसवला म्हणजे चूल वेगळी झाली. ताल चुकतो म्हणून ज्याच्या हातात आपण झांजा देत नव्हतो, तो तिथे महाराज! त्याच्या आरतीला चाळीस माणसं, आणि माझ्या आरतीला समोरचा भिवासुद्धा येत नाही. आलाच तर मोदकाला.

सखुबाई : जळतोस तू त्याच्यावर.

पंढरी : हो, जळतो! त्याचं पत्र तू तीनतीनदा वाचून घेतेस. मी रोज सहाच्या ठोक्याला घरी येतो, मला कधी विचारलंस, दिवस कसा गेला म्हणून?

सखुबाई : तू डोळ्यासमोर असतोस रे... बरं, मागितलंय का काही त्यानं?

पंढरी : मागितलंय ना. विसर्जन झालं की तलावातली माती आपण पाटावर घालून घरी आणतो, तांदळाच्या डब्यात ठेवतो, त्यातली चिमूटभर. मी नाही देणार. मनातल्या मनात तिथवर वाचलं आणि पत्र मिटलं मी. पुढचं वाचवेना.

सखुबाई : नको देऊस. पण वाच. मी काही उठत नाही इथून.

पंढरी : "मूर्ती इथल्याच मातीची करीन, त्यात आपली चिमूट मिसळीन. म्हणजे गणपती एकच राहील, आपल्या घरचा. आणि संकल्पात यजमान म्हणून नाव..."

सखुबाई : कुणाचं?

(पंढरी पत्राची घडी घालतो, पुन्हा उलगडतो.)

पंढरी : माझं.

सखुबाई : मग?

पंढरी : डबा काढ खाली.

सखुबाई : चिमूटभरच ना?

पंढरी : चिमटीनं काय होतंय? चाळीस माणसं आहेत तिथे. चांगली मूठभर बांध.