खालून धरणं

दवाखान्यातल्या बाकावर माझ्या शेजारी एक आजोबा आणि त्यांची नात बसली होती. अर्धांगवायूनंतर आजोबा आज पहिल्यांदा चालून बघणार होते.

“आजोबा, घाबरलात?”

“छे! तू शब्द विचार. तेवढाच वेळ जाईल.”

“एक्सपोर्ट?”

“लॅटिनमध्ये पोर्तारे म्हणजे वाहून नेणं. एक्स म्हणजे बाहेर. बाहेर नेणं.”

“मग इम्पोर्ट म्हणजे आत आणणं! आणि वाहून नेतो तो पोर्टर!”

“शाब्बास, ठमे.”

“तो बघा, तुमचा पोर्टर चाकाची खुर्ची घेऊन आला.”

“परत ने म्हणावं. मी काय बोचकं आहे? मी चालत आत जाणार.”

“मग काठी तरी घ्या.”

“काही नको. मला कुणाचा सपोर्ट लागत नाही.”

“त्यातही पोर्ट आहे की! मग आधीचं ‘सप’ म्हणजे काय?”



“मुळात ते सब. म्हणजे खालून.”

“खालून उचलून धरणं?”

“हो.”

“मग ते उंच माणसांना जमायचंच नाही. ठेवा हात माझ्या खांद्यावर.”

“भार होईल गं तुला.”

“दप्तराची सवय आहे मला.”

आतून हाक आली.

“बरं, ऊठ. आणि हळू चाल हं, पडशील.”

“चालायचं तुम्हाला आहे, आजोबा.”