सासऱ्यांचे सहा प्राण

...नाही, उंदीर मारायला माझी ना नाही, पण उंदरांनीच सासऱ्यांना मारलं तर मी काय करायचं, ते सांगा ना मला. खरे उंदीर नव्हेत हो, खेळातले. तुम्हाला सांगतो, दर रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर फासे टाकून गोष्टीचा खेळ चालतो. बायको, मेहुणी आणि सासरे ही तीन शूर माणसं. आणि उरलेलं जग, म्हणजे राजा, राक्षस, उंदीर, हवामान... सगळं मी. सासूबाई गेल्यापासून सासरे नुसते खिडकीशी बसून असायचे, दिवसाला चार शब्द. या खेळात ते कुलपं उघडणारा म्हातारा झाले आणि एका दुपारी घडाघडा बोलायला लागले. बायको आत जाऊन रडून आली. म्हणजे आता खेळ बंदही करता येत नाही. आणि पात्रं सगळी पहिल्या पातळीची, नवशिकी. सासऱ्यांचे प्राण किती, तर सहा.

मी तळघरात तीन उंदीर सोडले. खेळाच्या पुस्तकात लिहिलंय, 'नवशिक्यांना योग्य'. तिन्ही एकदम सासऱ्यांनाच चावले, चाव्याला दोन प्राण, तीन दुणे सहा... संपलं. सासरे "बरं" म्हणाले आणि उठून खिडकीशी गेले. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं... मी घाईघाईनं एक वैद्य आणला आणि त्यांना जिवंत केलं.

पुढच्या रविवारी उंदीर सौम्य केले, तर मेहुणी म्हणते, "भाऊजी, हे आजारी आहेत का? एक तर माझ्याकडे बघूनच मेला." आणि सासरे हळूच, "जावईबापू, माझी कीव येते का तुम्हाला?" आता बोला. मी पाण्याच्या नळांचे नकाशे काढणारा माणूस. दाब वाढला तर नळ फुटतो, कमी झाला तर वर पाणी चढत नाही, हे मला कळतं. पण प्राण किती, तर सहा, त्याला दरोडेखोर किती लावायचे?

चार लावले. वीस बाजूंचा फासा, माझ्यापुढे उभ्या केलेल्या पुठ्ठ्याच्या आडून टाकला, पडले वीस, म्हणजे सगळ्यात मोठा घाव, सासरे गेलेच. मी म्हटलं, "वार हुकला." बायको डोकावली. "अहो, वीस पडलेत. खोटं काय बोलताय?" सासरे म्हणाले, "पुठ्ठा काढा. सगळ्यांसमोर टाका."

काढला. दरोडेखोरानं तलवार उगारली, मी फासा उचलला. प्राण किती, तर सहा. तेवढ्यात सासरे म्हणाले, "थांबा. त्याला विचारा, घरी कोण असतं?"

दरोडेखोराला हे कुणी विचारतं का? माझ्या तोंडून निघून गेलं, "कुणी नाही. बायको गेली."

सासऱ्यांनी शेजारची खुर्ची मागे ओढली. मग म्हणाले, "माझीही. बसा." आणि तुम्हाला सांगतो, त्यांनी त्या दरोडेखोराला सासूबाईंबद्दल जे सांगितलं, ते त्यांच्या दोन्ही मुलींनासुद्धा ठाऊक नव्हतं. फासा माझ्या मुठीतच राहिला.

मला वाटलं, सुटलो. तर टेबलावरून उठताना सासरे खुशीत म्हणतात, "जावईबापू, पुढच्या रविवारी माझ्या जुन्या कचेरीतले दोघे खेळायला येतायत. खेळात अगदी नवीन आहेत. एकाला हरणं सोसत नाही, आणि दुसऱ्याला मुद्दाम जिंकवलेलं लगेच कळतं. बघा काय ते."

मी मान हलवली. दुसरं काय हलवणार?