सासूच्या हातचा घोट

सगळ्या जागा भरल्याशिवाय विमानतळाकडे जाणारी गाडी सोडायची नाही, हा इतेन गावच्या रोटिच ड्रायव्हरचा नियम. आज तीन जागा रिकाम्या होत्या. त्याच्या पाठीमागे दोन म्हाताऱ्या बोलत बसल्या होत्या.

"कोबिलो, एवढा दुधाचा तुंबा कुणाला गं?"

"सुनेला. मॅरेथॉन जिंकून येतेय माझी जेमेली! विमानातून उतरली की पहिला घोट घरच्यांनीच पाजायचा ना!"

"आणि तिचे बूट कणगीत कुणी दडवले होते?"

"मीच. दोन लेकरांची आई रस्त्याने पळते, लाज वाटायची मला."

"मग?"

"मग काय, अनवाणी पळायला लागली! रोज पहाटे, माझ्याच दारावरून."

"तुझ्या हातचं घेईल का आता?"

"तिचाच फोन आला काल. म्हणाली, आई, तुम्ही येईपर्यंत मी घोट घेणार नाही. आणि येताना माझे बूटही आणा."

"आणलेस?"

"हे काय, पिशवीत आहेत."

"विमान कितीला?"

"अकराला."

"अगं, दहा वाजून गेले की!"

रोटिचने किल्ली फिरवली.

"अहो, तीन जागा रिकाम्या आहेत!" मागून कुणीतरी ओरडलं.

"असू देत," तो म्हणाला. "आजी, तुंबा घट्ट धरा."