देऊळगावकर, अली आणि कंपनी

— नाही, आधी खाली उतरा उमाजी. ब्रश राहू द्या डब्यात. चहा ओतलाय, निवून जाईल. पाटी काय पळून चाललीय? आणि सध्या तर तुमचीच चैन आहे बाबा — पोलिस ॲक्शन झाल्यापासून अख्खं हैदराबाद पाट्या बदलायलंय. परवापर्यंत सुलतान बाजारात ‘आसफिया सलून’ होतं, आता म्हणे ‘जयहिंद सलून’. वस्तरा मात्र तोच, तितकाच बोथट — आमचे हे कालच गाल कापून घेऊन आले. बसा. हौ, त्या पायरीवरच बसा.

तर ‘अली’ खोडायला कुणी सांगितलं तुम्हाला? खुद्द अफसरभाईंनी? स्वतःचंच नाव? वाटलंच मला. आठ दिवस झाले, माझी नजर चुकवतायत. एरवी हापिसात शिरायच्या आधी आमच्या दारात उभे — ‘भाभी, आज क्या पका?’ आता खाली मान घालून आत. म्हणे या नावापायी गिऱ्हाईक येईना, आमच्या यांचं, मुकुंदरावांचं, नुकसान नको. आणि स्वतः निघालेत कराचीला, भावाकडे. त्यांनी नाही सांगितलं हो — त्यांच्या बायकोनं, नफीसा आपानं सांगितलं, खिडकीतून. ही दोन घरं बांधली ना या दोघांनी, एका भिंतीची, तेव्हा दोन्ही स्वयंपाकघरांच्या मधे आम्ही दोघींनी एक खिडकी पाडून घेतली. नकाशात नाही ती. यांना पत्ताच लागला नाही कितीतरी दिवस. आर्किटेक्ट म्हणे!

हसताय? मग आणखी हसा. सुलतान बाजारातली हिम्मतराव कापडवाल्यांची माडी पाहिलीय ना तुम्ही? तो बाहेरून लिंबाला वळसा घालून जाणारा जिना? लांबून लांबून लोक बघायला येतात, काय कल्पना, काय डोकं म्हणतात. कसली कल्पना! जिना विसरले होते दोघं. खरंच सांगते. बाहेरचं सगळं अफसरभाईंनी काढायचं, आतलं सगळं आमच्या यांनी — अशी यांची वाटणी. मग जिना कुणाचा? यांना वाटलं तो काढील, त्यांना वाटलं हे काढतील. आणि विचारायचं नाही हं एकमेकांना, दोस्ताचं मन दुखेल! वरचा मजला झाला, सज्जा झाला, नक्षी झाली, आणि हिम्मतराव खाली उभे राहून म्हणाले, वर जायचं कुठून? हे पांढरेफटक. अफसरभाईंनी मात्र पापणी हलवली नाही — ‘हुजूर, जिना बाहर से आएगा. वही तो चीज़ है!’ तेव्हापासून आबिड्सपर्यंत ज्याला त्याला बाहेरूनच जिना पाहिजे. — आता हे कुठं बोलू नका. पोटात ठेवा.

काय? पुन्हा बोला. — काल? यांनी सांगितलं? ‘देऊळगावकर’ खोडा म्हणून? अरे देवा. थांबा, तुम्ही नका हसू, आधी मला हसू द्या. अफसरभाई म्हणतात माझं खोडा, मुकुंदराव म्हणतात माझं खोडा, आणि दोघांनीही तुम्हाला बजावलं की दुसऱ्याला सांगू नका! जिनाच की हा पुन्हा! आणि यांचं डोकं कसं चाललं तेही कळतंय मला. सगळं हापीस अफसरच्या गळ्यात टाकलं की मग तो जाईल कसा? बांधून ठेवायलेत त्याला. तोंड उघडून ‘जाऊ नकोस’ म्हणायला काय होतं? — नाही, ते नाही जमायचं.

रझाकारांच्या दिवसांत असंच झालं होतं. यांना वाटलं आपलं नाव धोक्याचं, काढून टाकू. पण अफसरभाईंनी पाटीला हात लावू दिला नाही. रोज संध्याकाळी या पाटीखाली खुर्ची टाकून बसायचे, पान चघळत. गल्लीत रझाकारांची टोळी आली तरी उठले नाहीत. आम्ही आत, दाराला कडी लावून. म्हणून म्हणते, आज त्यांच्या नावाला गिऱ्हाईक नसेल तर नसू दे, भाकरी खाऊ. नफीसा आपानं ट्रंका काढल्यात माळ्यावरून. काल खिडकीतून मला मिठाची बरणी परत केली — कधी घेतली होती तेही मला आठवत नाही. ती बरणी हातात घेऊन मी रडले. भीती वाटते हो मला. ती खिडकी बुजवायला लागेल याची भीती वाटते.

…धूर गेला डोळ्यात. चूल पेटतीय आत.

बरं, दोघांचं ऐकलंत तर पाटीवर उरेल काय? ‘आणि कंपनी’. कंपनी कोण ते ठाऊक आहे? या दोघांनी नुसतं शोभेला लिहिलंय ते. कंपनी म्हणजे मी आणि नफीसा आपा. आणि कंपनीचा हुकूम असा की एक अक्षर खोडायचं नाही.

डबा न्या तुमचा. शिडी? शिडी नाही मिळायची. ती आत जाईल, आमच्या खिडकीखाली. ज्याला स्वतःचं नाव खोडायचंय त्यानं येऊन मागावी, दुसऱ्याच्या देखत. बघू कोण तोंड उघडतं. वर जायची सोय विसरण्यात हुशारच आहेत दोघं! — बघताय काय, धरा ते टोक. हळू, चौकटीला लागेल. हं, ठेवा. आता निघा तुम्ही, दोघं यायची वेळ झालीय.