दुधातली कोंबडी

माहा जलम सालेकसाकडचा, जंगलाच्या कडेचं गाव, धान अन् मोहफुलं, दुसरं काही नाही. लगन झालं तशी गोंदियाले आली. घरवाला रेल्वेत खलाशी, सासू अन् मी. स्वराज्य येऊन दोनचार सालं झाली असतीन, तेव्हा मी एका रेल्वे इंजनच्या डायवरसायबाच्या बंगल्यावर सैपाकाले लागली. अंग्रेज नाही बरं, अँग्लोइंडियन म्हनत त्यांले, आपल्यासारखाच सावळा, पन घरात बोलनं अंग्रेजी. त्याची बायको, मेमसाब, माह्याशी हिंदीत बोले. जिवाची चांगली होती, खोटं कायले बोलू.

ती तापानं पडली. ताप उतरला, पन अन्न जाईना, भात नको, रस्सा नको, सुकून काडी झाली. मंग एक दिवस म्हने, मथुरा, मेरी माँ बनाती थी वो खाना है, मलाई का चिकन, मकरोनी डालके. मकरोनी म्हंजे मैद्याच्या पोकळ नळ्या, कलकत्त्याहून डब्यात आलेल्या. तिनं खाटेवरून सांगावं अन् मी करावं. नळ्या उकळून निथळल्या, कोंबडी शिजवून तिचे धागे काढले, लोन्यात मैदा परतला, तवर काही वाटलं नाही. मंग म्हने, अब दूध डालो, धीरे धीरे. काय सांगू तुम्हाला, हात तिथंच थांबला. आमच्यात कोंबडी-मटन अन् दूध एका जागी करत नाहीत, अंगावर कोड फुटते म्हनतात, अन् माहं पोट तेव्हा दिसाले लागलं होतं. मी म्हनलं, मेमसाब, ये जहर होता है. ती हसली. म्हने, हम तो बचपन से खाते हैं. ओतलं दूध. साय घातली, मिरी घातली, सारं पांढरंफटक झालं. मंग म्हने, चखके बोलो, नमक बराबर है?

कशी नाही म्हनू? चमचाभर खाल्लं. खरं सांगू, चव चांगली लागली, त्याचंच मले जास्त भेव वाटलं.

मेमसाबनं ताटली पुसून खाल्ली, अन् हळूहळू चालाफिराले लागली. मी मात्र वाळून राहिली होती. आंघोळीले बसली का पोटच पाहावं. शेवटी सासूले सांगून टाकलं. बुढी म्हने, काऊन खाल्लं माय तू? बस, एवढंच. शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं, पन त्या दिवसापासून ती मले एकटीले कुठं जाऊ देईना.

पोरगी झाली, भरदुपारी. दाईनं उचलली तर पाठीवर पांढरं! मी वरडली, कोड हाये, कोड हाये. दाई म्हने, येडी का तू, पोटातलं चिकट हाये ते, सगळ्याच लेकरांले असते. कोमट पान्यानं पुसलं तर गेलं. तरी बुढीनं पोरीले दारातल्या उजेडात नेलं, उलटी केली, सुलटी केली, बोटाबोटाची फट पाहिली. काही नव्हतं. तवा बुढी दारातच बसून रडली. मी तिले कधी रडताना पाहिलं नव्हतं.

ती पोरगी आता कुडव्याले राहते, पोराबाळाची झाली. तिची लेक, माही नात, सध्या पोटुशी हाये. परवा म्हने, आजी, तुही ते मकरोनी कर ना, आता इथं दुकानातच भेटते. दवाखान्यातली बाई म्हनते, खाऊ द्या, काही होत नाही. मलेबी माहीत हाये, माह्याच पोटी पाहिलं मी. तरी हात नाही उठला. रस्स्याची कोंबडी अन् भात करून देल्ला, तर रुसून बसली. रुसू दे बाप्पा. तिचं लेकरू सुखाचं येऊ दे, मंग मीच मकरोनी करून देईन, मोठा गंज भरून.